सौरज्वाळा उठली तर पृथ्वीवर नेमकं काय बिघडतं?

प्रश्न थोडक्यात असा होता: "सूर्यावर एक्स दर्जाची प्रचंड ज्वाळा उठली, आता दोन दिवसांत मोबाइल, इंटरनेट, वीज सगळं बंद पडणार, अशा बातम्या दर काही महिन्यांनी येतात आणि नंतर काहीच होत नाही. यात खरं किती? महाराष्ट्रात राहणाऱ्याने काळजी करावी का? आणि तो अरोरा, म्हणजे ध्रुवांकडच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, आपल्याकडून कधी दिसेल का?"

माझी सगळी नोकरी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या नोंदी ठेवण्यात गेली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सगळ्यात आधी एक गोष्ट. ज्वाळा केवढी होती या आकड्यावरून पृथ्वीवर काय होणार ते सांगता येत नाही. बातमीदार मात्र नेमका तोच आकडा मथळ्यात घालतात, आणि "मग काहीच होत नाही" हा तुमचा अनुभव त्यातूनच येतो.

सौरडागांच्या वर चुंबकीय रेषांची वेटोळी असतात. खालचा तापलेला वायू हलत राहतो तशी ती पिळवटत जातात, आणि एका क्षणी तुटून नव्याने जोडली जातात. साठलेली ऊर्जा मिनिटांत मोकळी होते, तिथला वायू एक-दोन कोटी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरणांचा लोट निघतो. ही सौरज्वाळा. तिचा दर्जा पृथ्वीजवळच्या उपग्रहांनी मोजलेल्या क्ष-किरणांवरून ठरतो: ए, बी, सी, एम, एक्स, प्रत्येक पायरी आधीच्या दसपट. एक्स 1 म्हणजे दर चौरस मीटरला वॅटचा दहाहजारावा भाग. रोजच्या उन्हाचा आकडा पृथ्वीच्या वातावरणाबाहेर सुमारे 1,361 वॅट असतो. तेव्हा "सौरज्वाळेमुळे यंदा उन्हाळा कडक" असं कुणी म्हणालं तर हे दोन आकडे त्याच्यापुढे ठेवा.

सूर्यावर असा स्फोट झाला की आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी येऊ शकतात. येऊ शकतात म्हणतोय, कारण तिन्ही येतीलच असं नाही.

पहिला येतो प्रकाश, म्हणजे क्ष-किरण आणि अतिनील किरण. त्यांना 8 मिनिटं 20 सेकंद लागतात. यांची पूर्वसूचना देताच येत नाही, कारण ज्वाळा उठल्याची बातमी आणि तिचा परिणाम एकाच वेळी पोचतात. हे किरण जमिनीपर्यंत येत नाहीत, वरच्या हवेत शोषले जातात. तिथे साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवरचा आयनांबराचा, म्हणजे वरच्या विद्युतभारित हवेचा, खालचा थर एकदम दाट होतो आणि शॉर्टवेव्ह रेडिओच्या लहरी गिळून टाकतो. परिणाम फक्त दिवस असलेल्या अर्ध्या पृथ्वीवर, आणि बहुतेक वेळा तासाभरात संपणारा. रात्र असेल तिथे काहीच नाही. शॉर्टवेव्ह आता वापरतं कोण, असं वाटेल. समुद्रावरून जाणारी विमानं, जहाजं, हॅम मंडळी (हौशी रेडिओवाले) अजूनही वापरतात. 6 सप्टेंबर 2017 ला एक्स 9.3 ची ज्वाळा उठली तेव्हा कॅरिबियन बेटांवर इर्मा हे चक्रीवादळ घोंघावत होतं. फोन बंद, मनोरे आडवे, आणि मदतीचं बोलणं ज्या हॅम रेडिओवर चाललं होतं तो ऐन वेळी मुका झाला.

दुसरे येतात वेगवान कण, मुख्यतः प्रोटॉन. अर्ध्या तासापासून काही तासांत पोचतात. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र त्यांना ध्रुवांकडे वळवतं, त्यामुळे ध्रुवांवरून जाणाऱ्या विमानांना कधीकधी मार्ग बदलावा लागतो. उपग्रहांच्या कॅमेऱ्यांवर बर्फ पडल्यासारखे ठिपके उमटतात, इलेक्ट्रॉनिक्सच्या स्मृतीतला एखादा बिट उलटतो. चंद्रावर किंवा वाटेत असलेल्या अंतराळवीराला मात्र हा खरा धोका. ऑगस्ट 1972 मधला कणांचा भयंकर मारा अपोलो 16 आणि अपोलो 17 या दोन मोहिमांच्या मधल्या काळात आला, हे निव्वळ नशीब. नोव्हेंबर 2025 मध्ये एअरबसने ए320 कुळातल्या सुमारे 6,000 विमानांच्या उड्डाण-संगणकात तातडीने बदल करायला लावले, त्यात आपल्याकडची इंडिगो आणि एअर इंडियाची विमानंही होती. तीव्र सौर प्रारणामुळे त्या संगणकातली माहिती बिघडू शकते, हेच कारण कंपनीने दिलं होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात सावकाश येते आणि सगळ्यात जास्त नुकसान करू शकते. सूर्याच्या प्रभामंडलातला, म्हणजे बाहेरच्या वातावरणातला, अब्जावधी टन विद्युतभारित वायू स्वतःचं चुंबकक्षेत्र घेऊन उसळतो. याला कोरोनल मास इजेक्शन म्हणतात, आम्ही नुसतं सीएमई म्हणतो. सेकंदाला काही शेकडो ते दोन-तीन हजार किलोमीटर वेगाने तो निघतो आणि पंधरा तासांपासून तीन-चार दिवसांत पृथ्वीच्या कक्षेपर्यंत येतो. भूचुंबकीय वादळ म्हणतात ते यामुळे. ज्वाळा आणि सीएमई पुष्कळदा जोडीने येतात, पण ती जोडी काही पक्की नाही.

2024 या एकाच वर्षात याचे किती दाखले मिळाले पाहा. 22 फेब्रुवारीला एक्स 6.3 ची ज्वाळा उठली, चालू सौरचक्रातली (सूर्याच्या खळबळीच्या सुमारे अकरा वर्षांच्या चढउतारातली) तोवरची सगळ्यात मोठी. इस्रोच्या आदित्य एल-1 या यानावरच्या 'सूट' या दुर्बिणीने, म्हणजे पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेत घडलेल्या उपकरणाने, ती अतिनील प्रकाशात टिपली. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे चार वाजले होते, म्हणजे रेडिओवर परिणाम शून्य, आणि तिच्याबरोबर दखल घ्यावा असा सीएमई निघालाच नाही. मथळे मात्र जोरात. मग मे महिन्यात 3664 क्रमांकाच्या सौरडागांच्या समूहाने एकामागून एक ज्वाळा सोडल्या. एकएकटी पाहिली तर त्यातली कुठलीच विक्रमी नव्हती. पण त्यांच्याबरोबर निघालेले पाच-सहा सीएमई वाटेत एकमेकांना गाठत आले आणि 10 मेच्या रात्री गेल्या वीस वर्षांतलं सगळ्यात मोठं वादळ झालं. चार दिवसांनी, 14 मेला, त्याच समूहातून एक्स 8.7 ची ज्वाळा निघाली, आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठी. तोवर तो समूह सूर्याच्या कडेला गेला होता, त्यामुळे माल दुसरीकडे गेला. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच. 3 तारखेला एक्स 9.0, पण महिन्यातलं सगळ्यात जोरदार वादळ आलं ते 9 तारखेच्या एक्स 1.8 मागून.

म्हणून कुणी ज्वाळेचा आकडा सांगितला की मी तीन प्रश्न विचारतो. सीएमई निघाला का? आपल्या दिशेने आहे का? आणि त्याच्यातलं चुंबकक्षेत्र उत्तरेकडे तोंड करून आहे की दक्षिणेकडे?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्याचं उत्तर सगळ्यात उशिरा मिळतं. पृथ्वीच्या बाहेरच्या चुंबकीय कवचाच्या सूर्याकडच्या बाजूला रेषा उत्तरेकडे जातात. येणाऱ्या ढगातलं क्षेत्र दक्षिणमुखी असेल तर दोन्ही रेषा एकमेकींत जोडल्या जातात आणि कवचाचं दार उघडतं. ते उत्तरमुखी असेल तर प्रचंड ढगही बराचसा बाजूने घसरून जातो. हे दुरून पाहून खात्रीने सांगण्याची पद्धत अजून हाताशी नाही. ढग पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर सूर्याच्या दिशेने असलेल्या एल-1 बिंदूशी पोचला की तिथल्या यानांवरचे चुंबकमापी दिशा सांगतात. आदित्यवरही असं उपकरण आहे. तिथून पृथ्वीपर्यंत वेगवान ढगाला पंधरा-वीस मिनिटं, संथ असला तर तासभर. म्हणजे "दोन दिवसांनी महावादळ" असं छातीठोक सांगणारा माणूस जे अजून कुणालाच कळलेलं नाही ते सांगत असतो.

आता आपल्याकडची गोष्ट. यात मी थोडा रेंगाळणार, कारण ती फार कमी लोकांना माहीत आहे.

1 सप्टेंबर 1859 ला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याच्या प्रतिमेवरून डागांचं चित्र काढत होता. डागांच्या मध्ये त्याला दोन झगझगीत ठिपके दिसले आणि पाच मिनिटांत मावळले. रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही तेच पाहिलं. माणसाने पाहून नोंदवलेली ही पहिली सौरज्वाळा. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर जे सुरू झालं त्याला आज कॅरिंग्टन वादळ म्हणतात. अमेरिकेत बोस्टन ते पोर्टलंड तारेवर बॅटऱ्या काढून टाकूनही संदेश जात होते, कारण तारेत जमिनीकडूनच वीज येत होती. क्यूबापर्यंत आकाश लाल झालं.

या वादळाचा आकार मोजायचा तर अडचण अशी की युरोपातल्या नामांकित वेधशाळांच्या यंत्रांची मापंच संपली. कागदाबाहेर गेलेली रेघ किती खाली गेली हे कोण सांगणार? पण मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत माणसं डोळ्याने वाचून चुंबकमापीचे आकडे वहीत लिहीत होती, आणि सुई भरकटायला लागल्यावर वाचनं नेहमीपेक्षा जवळजवळ घेत होती. 2 सप्टेंबरच्या सकाळी चुंबकक्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे 1,600 नॅनोटेस्लांनी (हे चुंबकक्षेत्राचं एकक) खाली गेल्याचं त्या वहीत आहे. आकड्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: अलिबागला शांत दिवशी हा घटक दिवसभरात चाळीस-पन्नास नॅनोटेस्लांनी वरखाली होतो. मे 2024 च्या वादळात जगभरची सरासरी घसरण चारशेच्या थोडी पुढे होती. कुलाब्याची घसरण ज्या वेगाने झाली आणि भरून आली त्यावरून ती नेमकी कुठल्या प्रवाहामुळे झाली यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत, आणि तासाची सरासरी घेतली तर आकडा बराच उतरतो. तरी त्या वादळाची इतकी पूर्ण नोंद कुठल्याही मोठ्या पाश्चात्त्य वेधशाळेकडे नाही. जगभरचे शोधनिबंध कुलाब्याच्या त्या वहीकडे येतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी नासतील हे ओळखून 1904 मध्ये हे काम अलिबागला हलवलं. चुंबकीय साहित्य टाळून तिथल्या इमारती बांधल्या. दोन्हीकडच्या नोंदी काही काळ शेजारी शेजारी घेतल्या, म्हणून मालिका तुटली नाही. आज हे काम नवी मुंबईतल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. अलिबागच्या किनाऱ्यावर भेळ खाऊन परतणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, देव जाणे.

आता वीज जाईल का ते. 13 मार्च 1989 च्या पहाटे कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची सगळी वीजयंत्रणा दीड मिनिटात कोसळली. साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात, तेही तिथल्या थंडीत. होतं असं, की चुंबकक्षेत्र वेगाने बदललं की जमिनीत विद्युतदाब तयार होतो आणि लांबलचक वाहिन्यांतून, अर्थिंगच्या वाटेने, जवळजवळ एकदिश प्रवाह ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो. ट्रान्सफॉर्मर प्रत्यावर्ती प्रवाहासाठी बनवलेला असतो. त्याचा गाभा एका बाजूला संपृक्त होतो, तो तापतो, दाब सावरणं कठीण होतं आणि संरक्षक यंत्रणा एकामागून एक सुटत जातात. क्वेबेकला तीन गोष्टी एकत्र आल्या: ध्रुवाजवळचं ठिकाण, हजार किलोमीटर लांबीच्या वाहिन्या, आणि खाली प्रवाह सहज न वाहू देणारा प्राचीन कातळ. 2003 मध्ये स्वीडनच्या माल्मो शहरात असंच झालं, पण तासाभरापुरतं.

आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ आहोत. ध्रुवीय भागातले ते प्रचंड प्रवाह आपल्या डोक्यावर नसतात, त्यामुळे जमिनीत उठणारा दाब खूपच कमी. धोका शून्य आहे असं कुठलाही शहाणा अभियंता म्हणणार नाही, आणि आपल्या 765 केव्ही वाहिन्यांचं जाळं वाढतंय तसा अभ्यास व्हायलाच हवा. पण घरातल्या माणसाने याची काळजी करावी असं मला वाटत नाही. पहिल्या वळवाला जेवढी वीज जाते तेवढीसुद्धा सौरवादळाने आजवर आपल्याकडे गेलेली नाही.

आपली नस आहे ती उपग्रहांत, आणि त्यातही जीपीएसमध्ये. त्यात भौगोलिक दुर्दैव असं की ध्रुव सोडले तर आयनांबर सगळ्यात बेभरवशाचं असतं ते आपल्याच पट्ट्यात. चुंबकीय विषुववृत्तावरचा विद्युतभारित वायू वर उचलला जाऊन दोन्ही बाजूंना साधारण पंधरा-वीस अंशांवर साचतो, आणि भारताचा मोठा भाग या साच्याखाली येतो. केरळात थुंब्याला 1963 मध्ये अग्निबाणांचं केंद्र झालं तेही चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ जातं म्हणून. सूर्यास्तानंतर या थरात विरळ वायूचे बुडबुडे उठतात आणि उपग्रहाचा संदेश त्यातून जाताना लुकलुकतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे त्याचे मुख्य महिने. गंमत अशी की प्रत्येक वादळाने हे वाढतंच असं नाही, वेळेनुसार काही वादळं बुडबुडे दाबून टाकतात. मोबाइलवरच्या नकाशात काही मीटर चूक झाली तर रस्ता चुकत नाही. पण सेंटिमीटरची अचूकता लागते तिथे काम थांबतं. मे 2024 च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर सरळ ओळ धरेनात, शेतकऱ्यांनी काम थांबवलं. आपल्याकडे आता जमिनीची मोजणी रोव्हरने, म्हणजे उपग्रहांच्या संदेशावर चालणाऱ्या यंत्राने होते. तुम्ही त्या कामात असाल तर जोरदार वादळाच्या दिवशी घेतलेले बिंदू दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा. बांधावरून भाऊबंदकी पेटायला वीतभर फरक पुरतो.

उपग्रहांना आणखी एक त्रास म्हणजे हवेचा. वादळात वरचं विरळ वातावरण तापून फुगतं आणि खालच्या कक्षेतल्या उपग्रहांना जास्त घासतं. फेब्रुवारी 2022 मध्ये स्टारलिंकचे 49 उपग्रह सुटले आणि त्यांतले 38 याच कारणाने पडून जळाले. वादळ तर किरकोळ होतं, फक्त उपग्रह अजून फार खाली होते. ज्यांचं वय साठीच्या आसपास आहे त्यांना 1979 ची स्कायलॅब या अमेरिकी अंतराळस्थानकाची धास्ती आठवत असेल. घराघरांत "आपल्यावर पडणार" एवढंच बोलणं. स्कायलॅब अपेक्षेआधी खाली आली त्याचंही मोठं कारण हेच, सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त खवळला होता.

इंटरनेटचं म्हणाल तर काचेच्या तंतूतून जाणाऱ्या प्रकाशाला चुंबकीय वादळाचं काही देणंघेणं नाही. समुद्राखालच्या केबलींत ठरावीक अंतरावर विजेवर चालणारे प्रवर्धक असतात, चिंता त्यांची, आणि तीही मुख्यतः उत्तर अटलांटिकसारख्या वरच्या अक्षांशांवर. "रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाइल अंगाजवळ ठेवू नका, वैश्विक किरण येणार" हा निरोप कित्येक वर्षं फिरतोय, कधी नासाच्या तर कधी बीबीसीच्या नावाने. तो पूर्ण थाप आहे. सौरज्वाळेने मोबाइल फुटत नाही, बंद ठेवून फायदा नाही. भूकंपाशीही तिचा संबंध सिद्ध झालेला नाही.

बातमी पाहताना ज्वाळेचं अक्षर सोडून 'जी' मापाकडे पाहा. भूचुंबकीय वादळाचं हे माप जी 1 ते जी 5 असं असतं. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या अवकाश हवामान केंद्राच्या संकेतस्थळावर ते सगळ्यांना फुकट दिसतं. जी 1, जी 2 सौरचक्राच्या चढत्या काळात येत-जात असतात, त्यांची बातमी करण्यात अर्थ नाही. जी 4 पासून मी स्वतः लक्ष घालतो. मे 2024 चं वादळ जी 5 होतं, 2003 नंतरचं पहिलं. सौरचक्राचा शिखरकाळ ओसरू लागला म्हणून निश्चिंत होऊ नका. 2003 ची गाजलेली वादळंही शिखर उलटून गेल्यावरच आली होती.

राहिला अरोरा. मे 2024 मध्ये लडाखमधल्या हानले इथून लाल प्रभा कॅमेऱ्यांत स्पष्ट आली. इतक्या दक्षिणेकडून जे दिसतं तो अरोराचा फक्त वरचा, दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरचा लाल भाग असतो. खालचा हिरवा पट्टा क्षितिजाआड राहतो. महाराष्ट्रातून? एकदा दिसल्याची नोंद आहे. 4 फेब्रुवारी 1872 च्या रात्री मुंबईच्या आकाशात अरोरा दिसला होता, आणि त्या दिवशी कुलाब्याचे चुंबकमापीही प्रचंड हलले होते. तेव्हा मुंबईत विजेचे दिवे नव्हते. आज तसं वादळ आलं तरी शहरातून दिसणं कठीण. जी 5 जाहीर झालं आणि रात्र आपल्या वाट्याला आली तर सह्याद्रीच्या एखाद्या अंधाऱ्या पठारावर जा, कॅमेरा तिपाईवर लावून तोंड उत्तरेकडे करा आणि दहा-पंधरा सेकंदांचे फोटो घेत राहा. डोळ्याला काळोखच दिसला तरी फोटोत लालसर छटा आहे का ते पाहा, आणि असेल तर वेळ व ठिकाण लिहून ठेवा. भूचुंबकत्वाच्या अभ्यासकांना अशा नोंदी हव्याच असतात.